आपला माल आणि दुसऱ्याचा भार

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र ६:१-५, लूक १०:२५-३७.
पाठांतरासाठी : गलतीकरांस पत्र ६:२.
पाठाचा उद्देश : मालमोटारी चालविणाऱ्या लोकांतील जुना शेजारधर्म का आटत चालला आहे हे समजून घेणे, आणि तो पुन्हा जागा व्हावा म्हणून आपल्या मंडळीला काय करता येईल याचा विचार करणे.



आम्हां बडोदेकरांना ट्रकचा आवाज नवा नाही. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या शहराच्या पूर्वेकडून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता, आता ४८ आहे. अहमदाबादकडून येणारा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग शहराच्या उत्तरेस त्याला येऊन मिळतो. कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे टँकर, नंदेसरीच्या रसायनांचे टँकर, न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर, नाशिककडचा कांदा, सारे याच वाटेने जाते. आपल्या स्वयंपाकघरात आलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी कोणा ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून आलेली असते. परंतु त्या ड्रायव्हरविषयी आपण फारसा विचार करीत नाही.

या महिन्याच्या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला. तोच आधी सांगतो.

मामा आणि भाचा

आमच्या मंडळीत एक वृद्ध सभासद आहेत. मूळचे नगर जिल्ह्यातले. तीस वर्षे त्यांनी मुंबई-बडोदे मार्गावर ट्रक चालविला. मुले त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांचा भाचाही हाच धंदा करतो. एका संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा आटोपल्यावर चहा घेत आम्ही सारे बसलो होतो, आणि काका जुन्या गोष्टी सांगू लागले.

१९८० च्या सुमारास करजणच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा मुख्य पाटा तुटला. गाडीत कापडाच्या गाठी होत्या. रात्र झालेली. त्यांनी रिवाजाप्रमाणे गाडीच्या मागे झाडाची फांदी टाकली, दगड मांडले आणि कंदील ठेवला. पहिली गाडी आली तीच थांबली. त्या ड्रायव्हरने काकांच्या क्लीनरला आपल्या गाडीत घेतले आणि पाटा आणायला भरूचला पोहोचविले. दुसऱ्याने आपला जॅक आणि लाकडी ठोकळे दिले. तिसरा पंजाबचा होता. त्याला काकांची भाषा येत नव्हती आणि काकांना त्याची. पण त्याने रोट्या काढल्या आणि पहाटेपर्यंत सोबत केली. कारण एकटी गाडी पाहिली की ताडपत्री कापून माल पळविणारे लोक तेव्हाही होते. सकाळी पाटा बसला आणि जो तो आपल्या वाटेने गेला. "नावसुद्धा विचारायचे राहिले," काका म्हणाले.

भाचा खाली मान घालून ऐकत होता. तो म्हणाला, "मामा, तुमच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. माझी ऐका."

गेल्या पावसाळ्यात त्याची गाडी रात्री महामार्गावर बंद पडली. पुढच्या काचेखाली लाल दिवा लागला आणि इंजिन ओढीना. अंगात ताप होता. गाडीत तो एकटाच, कारण त्याच्या मालकाने क्लीनर ठेवणे केव्हाच बंद केले आहे. पाच तास तो तिथे उभा होता. जवळून जाणाऱ्या गाड्या त्याने शंभरपर्यंत मोजल्या, मग मोजायचे सोडून दिले. कचेरीतून मात्र चार वेळा फोन आला. "नकाशावरचा ठिपका का हलत नाही, असे विचारीत होते. तुला काय झाले, असे कोणी विचारले नाही."

येथवर ऐकून आम्ही सारे हळहळलो. पण त्याचे सांगणे संपले नव्हते. थोडे थांबून तो म्हणाला, "त्यानंतर महिन्याभराने रात्री दोनच्या सुमारास मला रस्त्याच्या कडेला एक मोटरसायकल आडवी पडलेली दिसली. बाजूला माणूस होता. त्याचा हात हलत होता. माझा पाय ब्रेकवर गेला. मग मनात आले, रात्रीची वेळ, ट्रक माझा, माणूस पडलेला. मी उडविला नाही हे कोण खरे मानील? लोक जमले तर आधी मारतील, मग विचारतील. मामा, मी थांबलो नाही. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही."

खोलीत कोणी बोलेना. काका त्याच्यावर रागावतील असे आम्हांला वाटले. पण ते रागावले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आम्ही थांबत होतो, कारण आम्ही तिघे-चौघे असायचो. तू एकटा होतास. पण बाळा, पुढच्या वेळी फोन तरी कर."

वाचकहो, ज्याला पाहून लोक पुढे गेले, तोच दुसऱ्याला पाहून पुढे गेला. हा मुलगा निर्दय नाही. तो दर रविवारी घरी असला तर उपासनेला येतो. म्हणून "काळ वाईट आला, माणुसकी उरली नाही" एवढे म्हणून हा पाठ संपविता येत नाही. काय बदलले ते नीट पाहिले पाहिजे.

माणूस बदलला की रस्ता?

जुन्या काळचे उगीच गोडवे गाऊ नयेत. तेव्हाही रस्त्यावर दारू होती, चिरीमिरी होती, चोऱ्या होत्या. आठ-आठ दिवस घरचा निरोप मिळत नसे. आजच्या कितीतरी सोयी त्या काळच्या ड्रायव्हरने आनंदाने घेतल्या असत्या. तरीही त्या काळी एकमेकांना मदत होत असे, आणि ती ज्या गोष्टींवर उभी होती त्या एकेक करून गेल्या आहेत.

पहिली गोष्ट वाट पाहण्याची. पूर्वी जकात नाक्यावर आणि राज्याच्या हद्दीवरील तपासणी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागत. तास न् तास गाडी हलत नसे. तो त्रासच होता, आणि त्यात लाचही चाले. पण त्या रांगेत ओळखी होत. एकाच स्टोव्हवर दोघांचा भात शिजे. पुढे घाटात दरड पडली आहे, अमक्या पुलावर पाणी आहे, ही बातमी तिथेच कळे. गुजरातेतील मोठ्या शहरांची जकात २००७ साली गेली, मुंबईची २०१७ साली जीएसटी आल्यावर. गुजरातने आपले सोळा आरटीओ तपासणी नाके नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलही फास्टॅगने भरावा लागतो. हे सारे चांगलेच झाले. पण रांग गेली आणि रांगेतली ओळखही तिच्याबरोबर गेली.

दुसरी गोष्ट गाडीची. जुन्या गाडीत डिझेलच्या नळीत हवा धरली तर कोणताही ड्रायव्हर हातपंप मारून ती काढून देई. फॅनबेल्ट तुटला तर दुसऱ्याच्या पेटीत जादा बेल्ट असे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकाच्या गाड्या आल्या. धूर कमी झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या इंजिनावर संगणकाची नजर असते, आणि बिघाड शोधायलाही संगणकच लागतो. शेजारचा ड्रायव्हर थांबला तरी पाना हातात घेऊन करणार काय? ज्याला मदत करता येत नाही तो हळूहळू थांबायचेही सोडतो.

तिसरी गोष्ट सोबतीची. क्लीनर हा केवळ काच पुसणारा पोरगा नव्हता. तो शिकाऊ ड्रायव्हर होता, रात्रीचा पहारेकरी होता, आणि उस्तादाला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणारा सोबतीही होता. भाड्याचा हिशेब जुळेना म्हणून पुष्कळ मालकांनी त्याला कमी केले. एकटा माणूस गाडी सोडून दुसऱ्याच्या मदतीला कसा जाणार? त्याच्या मागे त्याच्या गाडीवर नजर कोण ठेवणार?

चौथी गोष्ट घड्याळाची. माल कधी पोहोचला पाहिजे ते आता तासांत ठरते. उशीर झाला तर भाड्यातून पैसे कापतात. १९६१ साली झालेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती, पण लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला ती क्वचितच लाभली.

पाचवी गोष्ट भीतीची, आणि हीच सर्वांत मोठी. मदत करायला थांबलेला माणूसच आरोपी ठरेल, ही ती भीती. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, हे आपल्याला आठवत असेल. अपघात करून, पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत होती. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर तुरुंग, असे त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम राखून ठेवण्यात आले. त्या संपाच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. भीती खरी होती, एवढेच सांगायचे आहे.

तेव्हा माणसाचे अंतःकरण एकाएकी दगडाचे झालेले नाही. मदत ज्या मातीत आपोआप उगवत होती, ती माती वाहून गेली आहे. म्हणून आता ती जाणूनबुजून पेरावी लागेल.

पौल काय सांगतो?

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एक गोष्ट वाचकाला बुचकळ्यात टाकते. दुसऱ्या वचनात पौल सांगतो की आपण एकमेकांचे ओझे उचलावे. मग पाचव्या वचनात तोच सांगतो की प्रत्येकाने आपले स्वतःचे ओझे वाहायचे आहे. मग खरे कोणते?

मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निराळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील शब्द आहे बारोस, म्हणजे माणसाला चिरडून टाकणारा जड भार. पाचव्या वचनातील शब्द आहे फोर्तिऑन, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला बोजा. प्रेषितांची कृत्ये २७:१० मध्ये पौलाच्या जहाजावरील मालाला हाच दुसरा शब्द वापरला आहे. ड्रायव्हरला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. बिल्टीवर लिहिलेला माल ज्याचा त्यानेच पोहोचवायचा असतो. तो दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हा आळशीपणा होय. पण पाटा तुटला, छातीत कळ आली, गाडी नाल्यात गेली, तर तो माल राहत नाही, तो भार होतो. तो एकट्याने वाहायचा नसतो.

आजच्या रस्त्याची चूक येथे आहे. त्याने प्रत्येकाला आपापला माल नेमका सांभाळायला शिकविले, आणि दुसऱ्याचा भार हा कोणाचाच नाही असे ठरवून टाकले.

यरीहोच्या उतारावर

आता लूकच्या दहाव्या अध्यायाकडे वळू. यरुशलेमेहून यरीहोपर्यंतचा रस्ता सुमारे २७ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात तो जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो. दोन्ही बाजूंना उजाड डोंगर, वळणे आणि लपायला जागा. आपल्या कसारा घाटात रात्री एकट्याने चालावे तसा. मारेकऱ्यांनी कोणाला तरी पाडून ठेवले असेल आणि ते जवळच असतील, ही याजकाची व लेव्याची भीती अगदी खोटी नव्हती. आमच्या त्या भाच्याची भीती त्यांच्यापेक्षा वेगळी नव्हती.

शोमरोनी मनुष्याकडे पाहताना एक गोष्ट आपण बहुधा विसरतो. तोही प्रवासात होता. त्याच्याजवळ जनावर होते, तेल व द्राक्षारस होता, पैसे होते. त्यालाही कुठेतरी पोहोचायचे होते. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला उतारशाळेत नेले आणि ती रात्र त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. अधिक लागले तर परत येताना देईन असे सांगून तो निघाला. त्याने आपला माल टाकून दिला नाही आणि दुसऱ्याचा भारही टाळला नाही. आपल्या हातून होण्यासारखे होते तेवढे केले, मग तो भार दुसऱ्या खांद्यावर सोपविला, आणि पुन्हा चौकशीला येण्याचे वचन दिले.

येथे उतारशाळेचा मालक फार महत्त्वाचा आहे. तो नसता तर शोमरोन्याला पुढे जाता आले नसते. रस्त्यावर थांबणाऱ्याला हिंमत यायची, तर पुढे कोणीतरी दार उघडे ठेवणारा हवा. आम्हांला वाटते की मंडळीची जागा पुष्कळदा तीच आहे.

कायद्यानेही हेच नाव घेतले

शिक्षकांनी वर्गाला ही गोष्ट अवश्य सांगावी. अपघातात मदत करणाऱ्याला आपल्या देशाच्या कायद्यात इंग्रजीत 'गुड समॅरिटन' म्हणतात, म्हणजे चांगला शोमरोनी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा माणसाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याने ठरवायचे. रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही. अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळावेत, अशी योजनाही मे २०२५ मध्ये जाहीर झाली.

हे सारे आमच्या भाच्याला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनाही नव्हते. अज्ञानामुळे भीती वाढते, आणि भीतीमुळे मनुष्य याजकाच्या वाटेने जातो.

महिसागराच्या काठी

९ जुलै २०२५ रोजी सकाळी आमच्याच जिल्ह्यात महिसागर नदीवरचा गंभीरा पूल मधेच तुटला. १९८५ साली बांधलेला हा पूल पादरा तालुक्याला आणंद जिल्ह्याशी जोडीत होता. ट्रक व इतर वाहने नदीत कोसळली. किमान वीस जण मृत्युमुखी पडले. एक टँकर तुटलेल्या कडेवर लोंबकळत राहिला. तो उतरवायला जवळजवळ महिना लागला, म्हणून त्याचे चित्र सर्वांच्या लक्षात आहे.

आमच्या लक्षात मात्र आणखी एक गोष्ट राहिली. मोठी यंत्रे पोहोचण्याआधी मदतीला धावले ते जवळपासच्या गावांतले लोक. बुडणारा कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, गाडी कोणाची, हे कोणी विचारले नाही. शेजारधर्म मेलेला नाही याची एवढी साक्ष पुरे. मनुष्य मनुष्याच्या जवळ असला की तो आजही धावतो. रस्त्यावर माणसे एकमेकांपासून दूर झाली आहेत, खरे दुखणे हे आहे.

आपण काय करावे?

पहिले, आपल्या मंडळीत ड्रायव्हरांची घरे किती आहेत याची पाळकसाहेबांनी व वडीलमंडळाने नोंद ठेवावी. तो रस्त्यावर असताना घरी कोण आहे, मूल आजारी पडले तर कोणाला बोलवायचे, हे ठरलेले असावे. घराची काळजी मिटली की स्टेअरिंगवरचा हात स्थिर राहतो.

दुसरे, प्रत्येक ड्रायव्हरजवळ मंडळीतील दोन माणसांचे क्रमांक असावेत, की जे रात्री दोन वाजताही फोन उचलतील. बिघाड दुरुस्त करता आला नाही तरी चालेल. "तुला काय झाले?" एवढे विचारणारा कोणी असला पाहिजे.

तिसरे, तरुण संघाने प्रथमोपचार शिकावा, आणि हे क्रमांक सर्वांना तोंडपाठ असावेत : रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. ज्याला खाली उतरायची हिंमत होत नाही त्याने सुरक्षित जागी गाडी घेऊन फोन तरी करावा. काकांनी भाच्याला सांगितले ते हेच.

चौथे, आपल्यापैकी काही जण दुकानदार आहेत, कारखान्यांत माल उतरवून घेणारे आहेत, गाड्यांचे मालकही आहेत. हा पाठ त्यांना अधिक लागू आहे. अपघातात मदतीला थांबल्यामुळे गाडी उशिरा आली आणि आपण त्याचे भाडे कापले, तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही. मग वाटेत पडलेल्या माणसाला ओलांडून जाणाऱ्यांत आपणही मोजले जाऊ, मग आपण त्या रात्री घरी बिछान्यात का असेना.

पाचवे, दारात माल घेऊन आलेल्या माणसाला पाणी विचारावे, बसायला जागा द्यावी. ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण काकांनी इतक्या वर्षांनंतरही जी आठवण जपून ठेवली होती ती रोट्यांची होती.

वर्गात चर्चेसाठी

१. आपला माल आणि दुसऱ्याचा भार यांत काय फरक आहे? आपापल्या कामातील एकेक उदाहरण द्या.
२. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्याने कर्तव्यात कसूर केली काय?
३. भाच्याच्या जागी आपण असतो तर आपण काय केले असते? खरे उत्तर द्यावे.
४. आपल्या मंडळीतील उतारशाळा कोणती? तिचे दार रात्री उघडे असते काय?

लहान मुलांच्या वर्गात शिक्षकांनी गोष्ट सांगितल्यावर मुलांकडून ट्रकचे चित्र काढून घ्यावे, आणि त्यात ड्रायव्हरशेजारच्या रिकाम्या जागेवर कोण बसावे असे त्यांना वाटते ते विचारावे.

भाचा त्या रात्रीच पुन्हा गाडीवर जाणार होता. निघताना काकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्याने खिशातून फोन काढला आणि आमचा क्रमांक लिहून घेतला. रात्री आम्ही तो फोन उशाशी ठेवून झोपतो. अद्याप तो वाजलेला नाही. वाजेल तेव्हा उचलायचा, एवढे आम्ही ठरविले आहे.